शिकाऊ उमेदवार मध्येच का सोडून जात होते? एका शासकीय आयटीआयचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी असलेल्या एका शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजेच आयटीआयचे आहे. संस्था, औद्योगिक वसाहत आणि व्यक्ती यांची ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही तपशील मुद्दाम ढोबळ ठेवले आहेत. संस्थेत फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन आणि वेल्डर हे व्यवसाय, म्हणजे ट्रेड, शिकवले जातात. एसटीने तासाभराहून अधिक अंतरावर एक औद्योगिक वसाहत आहे, जिथे वाहनांचे सुटे भाग बनवणारे मोजके मोठे कारखाने आणि त्यांच्या कामावर जगणारी अनेक लहान मशीन-शॉप आहेत.

या संस्थेत, इतर अनेक शासकीय आयटीआयप्रमाणे, संस्था व्यवस्थापन समिती आहे. २००७-०८ साली केंद्र सरकारने १,३९६ शासकीय आयटीआयच्या दर्जावाढीसाठी सार्वजनिक-खासगी भागीदारीची योजना आणली, तेव्हा अशा समित्यांना अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज उपलब्ध झाले. समितीचे अध्यक्षपद उद्योगाकडे आणि सदस्य-सचिवपद प्राचार्यांकडे, अशी तिची रचना होती. येथील अध्यक्ष वसाहतीतील एका मध्यम कारखान्याचे मालक आहेत. शिकाऊ उमेदवारीचे (म्हणजे अप्रेंटिसशिपचे: कारखान्यात विद्यावेतन घेऊन प्रत्यक्ष काम शिकण्याचे) आणि प्लेसमेंटचे काम मशिनिस्ट व्यवसाय शिकवणाऱ्या निदेशकांकडे, त्यांचे वर्गाचे तास सांभाळून, अतिरिक्त म्हणून दिलेले होते.

धोरणाची चौकटही थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढचे निर्णय तिच्या आत राहूनच घेतले गेले. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ सालचा आहे. २०१४ च्या दुरुस्तीने त्यातील तुरुंगवासाची तरतूद काढून दंड ठेवला. २०१९ च्या नियमबदलानंतर ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आले आणि चार ते २९ कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक राहिले. त्याच वेळी विद्यावेतनाची पद्धत बदलली. आधी ते राज्याच्या अर्धकुशल किमान वेतनाच्या ७०, ८० आणि ९० टक्के, असे वर्षागणिक चढत्या प्रमाणात असे. आता किमान रकमा थेट ठरवल्या गेल्या आणि आयटीआय उत्तीर्णासाठी पहिल्या वर्षी दरमहा ७,००० रुपये निश्चित झाले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून, ज्याला सगळे ‘नॅप्स’ म्हणतात, विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये सरकार सोसते.

समस्या

दरवर्षी निकालानंतर संस्थेत मेळावा होई, कंपन्यांचे अधिकारी येत, मुलाखती होत आणि पोर्टलवर करार नोंदवले जात. वरिष्ठ कार्यालयाला जाणाऱ्या अहवालात करारांची संख्या असे आणि ती चांगली दिसे. त्यातील बरीच मुले दिवाळीच्या आसपास शिकाऊ उमेदवारी सोडून गेलेली असत, याची नोंद ठेवायला त्या नमुन्यात रकानाच नव्हता. कंपन्यांची तक्रार ठरलेली होती: मुलांना ड्रॉइंग वाचता येत नाही, मायक्रोमीटरचे माप भरवशाचे येत नाही, आणि मेहनतीची तयारी नाही. मुलांची तक्रार कोणी लिहून घेतलेली नव्हती.

२०२२ च्या उत्तरार्धात समितीच्या बैठकीत ही तक्रार पुन्हा आली आणि तिच्यावरचा उपायही लगेच पुढे आला. समितीच्या शिल्लक निधीतून एक सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारे यंत्र आणि सोबत सिम्युलेटर घ्यावेत आणि मशिनिस्ट-टर्नरच्या मुलांना त्यावर अल्पमुदतीचे प्रशिक्षण द्यावे, असा प्रस्ताव अध्यक्षांनी मांडला. प्रस्तावात गैर काहीच नव्हते. यंत्र दिसते, त्याचे उद्घाटन होते, ते मालमत्ता नोंदवहीत चढते आणि निधी खर्च झाल्याचा दाखला मिळतो. कौशल्यविकासाच्या कामात खरेदीला नेहमीच असा सुकर रस्ता मिळतो. वर्षभर कोणी तरी फोन करत राहावे, यासाठी मात्र कोणत्याच शीर्षाखाली तरतूद सापडत नाही.

निदेशकांनी त्या बैठकीत एवढेच सुचवले की यंत्राचा निर्णय एक बैठक पुढे ढकलावा आणि तोवर सोडून गेलेल्या मुलांना विचारून घ्यावे. प्राचार्यांनी ते मान्य केले. या प्रकरणातला पहिला निर्णायक वळणबिंदू हाच, आणि त्यासाठी एक रुपयाही लागला नाही.

फोनवर मिळालेली उत्तरे अपेक्षेपेक्षा वेगळी होती. सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पहिल्या तीन महिन्यांतच सोडले होते. त्यांतील अनेक जण गावी परतलेच नव्हते, किंवा परतून पुन्हा त्याच वसाहतीत आले होते आणि शेजारच्या गल्लीतील कारखान्यात ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून काम करत होते. म्हणजे त्यांनी काम सोडले नव्हते, वसाहतही सोडली नव्हती. सोडली होती ती शिकाऊ उमेदवारी. आळस किंवा घरची ओढ ही कारणे यातून आपोआप मागे पडली.

हिशेब साधा होता. खोलीचे भाडे, मेस आणि प्रवास यांत विद्यावेतनाचा मोठा भाग संपत होता. अधिनियमाच्या कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो, त्यामुळे किमान वेतन त्याला लागू होत नाही. शेजारी उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या कामगाराला मात्र ते लागू होते आणि त्याला ओव्हरटाइमही मिळतो. महाराष्ट्रात किमान वेतनासोबतचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा सुधारला जातो, तर विद्यावेतनाची किमान रक्कम २०१९ पासून जागची हललेली नव्हती, त्यामुळे दोहोंतील अंतर दर सहामाहीला रुंदावत होते. तरीही पुढे उपयोगी पडेल असे काही शिकायला मिळाले असते तर अनेकांनी हे अंतर सोसले असते, असे त्यांच्याच बोलण्यातून दिसले. प्रत्यक्षात दोघांनाही एकच काम होते: यंत्रात नग चढवणे, बटण दाबणे, नग उतरवणे. एकाच कामाला एकीकडे कमी पैसे आणि प्रमाणपत्राची आशा, दुसरीकडे जास्त पैसे आणि आशा शून्य, अशी ती निवड होती, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने दुसरी बाजू निवडली यात नवल नाही.

इलेक्ट्रिशियनच्या मुलींनी सांगितलेले कारण निराळे होते. दुसरी पाळी सुटल्यावर परतीची बस नसे, आणि पाळी बदलून मागितली की ‘मग राहू द्या’ असे उत्तर मिळे.

कौशल्याची तक्रार पूर्णपणे खोटी नव्हती, हेही नोंदवायला हवे. ड्रॉइंगवरील भौमितिक सहिष्णुतेची, म्हणजे नगाच्या आकारात किती फरक चालेल हे सांगणारी चिन्हे वाचण्यात मुले खरोखर कच्ची होती. पण ज्या जागांवर त्यांना नेमले जात होते, तिथे ड्रॉइंग वाचण्याची वेळच येत नव्हती.

पर्यायांचा विचार

पुढच्या बैठकीत चार पर्याय समोर होते. यंत्रखरेदीचा प्रस्ताव कायम होता. अध्यक्षांचा युक्तिवाद असा की, सीएनसी येणाऱ्या मुलाला कंपनी हेल्परच्या कामावर ठेवणारच नाही. निदेशकांचे म्हणणे असे की सीएनसीवर नग चढवणे-उतरवणे हेच वसाहतीतील सर्वांत मोठे हेल्परकाम आहे, त्यामुळे यंत्र शिकवल्याने जागा बदलेल याची खात्री नाही.

दुसरा पर्याय द्वयी प्रशिक्षण पद्धतीचा, म्हणजे डीएसटीचा होता. त्यात सिद्धान्त संस्थेत आणि प्रात्यक्षिकाचा मोठा भाग उद्योगात होतो. दोन वर्षांच्या व्यवसायात सहा ते बारा महिने कारखान्यात काढता येतात. यासाठी एका मोठ्या कारखान्याशी बोलणी झाली, पण त्याची तयारी एकाच व्यवसायापुरती होती, आणि उत्पादनाचा ताण असताना मुलांना टूलरूममध्ये किंवा तपासणी विभागात पाठवण्याची लेखी हमी द्यायला तो राजी झाला नाही. तशा हमीविना करार केला असता, तर जी गोष्ट शिकाऊ उमेदवारीत घडत होती ती विद्यार्थिदशेतच सुरू झाली असती. प्राचार्यांनी हा पर्याय थांबवला, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते योग्यच झाले, जरी त्या वर्षीच्या अहवालात डीएसटीच्या रकान्यात शून्य गेले.

तिसरा पर्याय कायद्याचा होता: ज्या आस्थापना शिकवत नाहीत त्यांची शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या कार्यालयाकडे रीतसर तक्रार करायची. तो फार काळ चर्चेत राहिला नाही. लहान आस्थापनांवर बंधनच नव्हते, मोठ्यांनी संख्या पूर्ण केलेली होती, आणि कायदा संख्येतील तूट जितक्या सहज मोजू शकतो तितक्या सहज शिकवण्यातील तूट मोजू शकत नाही.

चौथा पर्याय लहान मालकांपैकी एकाच्या तक्रारीतून निघाला. त्यांचे म्हणणे होते की त्यांच्याकडे फक्त टर्निंग आहे, मिलिंग नाही, मग मुलाला वर्षभर ते दुसरे काय शिकवणार? अधिनियमाच्या कलम ८ मध्ये अनेक नियोक्त्यांनी एकत्र येऊन शिकाऊ उमेदवारांना प्रशिक्षण देण्याची सोय आहे, हे प्राचार्यांनी तेव्हा निदर्शनास आणले. टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग आणि तपासणी ही कामे वेगवेगळ्या शॉपमध्ये विखुरलेली असतील, तर मुलाला त्या शॉपमधून फिरवायचे, असा गट करता आला असता. तरतूद जुनी होती. वसाहतीत ती कोणी वापरलेली मात्र नव्हती.

केलेली कार्यवाही

समितीने चौथा पर्याय स्वीकारला आणि यंत्रखरेदी रद्द न करता पुढे ढकलली. काही लहान आणि मध्यम शॉपचा गट तयार झाला. प्रत्येक उमेदवाराचा करार एका शॉपशी, विद्यावेतनाची जबाबदारी त्याच शॉपची, आणि ठरावीक महिन्यांनी दुसऱ्या शॉपमध्ये बदली, अशी रचना ठरली.

पहिलीच अडचण अपघाताची आली. कामाच्या ठिकाणी उमेदवाराला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी अधिनियमाने नियोक्त्यावर टाकली आहे. पण उमेदवार दुसऱ्याच्या शॉपमध्ये असताना बोट सापडले तर जबाबदार कोण? यावर आठवडेच्या आठवडे गेले. अखेर, उमेदवार ज्या शॉपमध्ये उभा असेल त्या शॉपने सुरक्षेची आणि भरपाईची जबाबदारी घ्यावी, असे सर्वांनी आपसात लेखी मान्य केले, आणि हे मान्य नसलेल्या एका मालकाने गट सोडला. सुरुवात लांबली तरी मुले पाठवण्याआधी हा प्रश्न मिटवणे हा या प्रकरणातील सर्वांत शहाणा निर्णय होता. तोंडी समजुतीवर सुरू झालेला गट पहिल्या अपघातातच फुटला असता.

वसाहतीतून निवृत्त झालेल्या एका फोरमनना समन्वयक नेमण्यात आले. दर पंधरवड्याला प्रत्येक उमेदवाराच्या यंत्रापाशी जायचे, त्याची नोंदवही पाहायची आणि मालकाशी बोलायचे, एवढेच त्यांचे काम होते. नोंदवहीत ‘काम केले’ असे लिहिणे त्यांनी बंद केले; कोणता नग, कोणते माप, किती रिजेक्ट आणि का, हे लिहायला लावले. त्यांच्या मानधनावर बराच खल झाला. समितीचा निधी संस्थेच्या दर्जावाढीसाठी असल्याने वसाहतीत फिरणाऱ्या माणसाला त्यातून पैसे दिल्यास लेखापरीक्षणात आक्षेप येईल, अशी प्राचार्यांना रास्त शंका होती. म्हणून पहिली दोन वर्षे गटातील शॉपनी वर्गणी काढावी असे ठरले.

विद्यावेतनावर तडजोड झाली. ७,००० ही किमान रक्कम आहे, त्याहून जास्त द्यायला कोणतीच आडकाठी नाही. गटातील बहुतेक मालक वरचे काही पैसे द्यायला तयार होते; काहींना मात्र मूल टिकेल याची खात्री आधी हवी होती. म्हणून जादा रक्कम तीन महिने पूर्ण झाल्यावर सुरू करायची असे ठरले.

संस्थेतही बदल झाला. २०२२ पासून अभ्यासक्रम वर्षाला १,२०० तासांचा झाला आणि त्यासोबत १५० तासांचे प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण आले. हे तास पूर्वी दिसेल त्या कारखान्यात उरकले जात. आता ते गटातील शॉपमध्ये ठेवले गेले, म्हणजे कराराआधीच मुलगा आणि मालक एकमेकांना पाहू शकले. निदेशकांनी शॉपमधून बाद झालेले नग आणि त्यांची ड्रॉइंग मागवून घेतली आणि ‘हा नग का बाद झाला ते शोधा’ हेच प्रात्यक्षिक केले. ड्रॉइंगवाचनाच्या तक्रारीवर यापेक्षा स्वस्त उपाय सापडला नसता.

परिणाम

गटातील पहिल्या तुकडीत सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण ठळकपणे घटले आणि बहुसंख्य उमेदवारांनी वर्ष पूर्ण करून अखिल भारतीय व्यवसाय चाचणी दिली. अनेकांना गटातीलच शॉपनी ठेवून घेतले. कलम २२ नुसार नियोक्त्याने भरतीचे आपले धोरण ठरवायचे असते, ठेवून घेण्याची सक्ती नसते. तरीही हे घडले. गटाबाहेरच्या मोठ्या कारखान्यांत परिस्थिती जवळपास पूर्वीसारखीच राहिली.

हा फरक पूर्णपणे गटाच्या रचनेमुळे पडला असे मात्र म्हणता येणार नाही. कामावरील १५० तासांत मालकांनी मुले पारखून घेतली होती, त्यामुळे गटात आलेली मुले मुळातच जास्त चिवट आणि ड्रॉइंगमध्ये बरी होती. ज्यांना सर्वाधिक गरज होती ती बरीचशी बाहेर राहिली. प्रशिक्षण योजनांची ही जुनी दुखरी जागा आहे. अमेरिकेत १९८२ च्या रोजगार-प्रशिक्षण कायद्याखाली निकालांवर मोजमाप सुरू झाले, तेव्हाही लवकर नोकरीला लागतील अशीच माणसे निवडली जातात का, यावर मोठा वाद झाला होता.

मुलींचा प्रश्न गटाने जवळजवळ सोडवलाच नाही. दोन शॉपनी पहिली पाळी कायम ठेवली, बाकीच्यांनी मुली घेतल्याच नाहीत, आणि इलेक्ट्रिशियनला मशीन-शॉपमध्ये जागा तशाही थोड्याच होत्या.

दुसऱ्या वर्षी बाहेरून एक वेगळाच धक्का बसला. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, ज्यात आयटीआय उत्तीर्णांना सहा महिन्यांसाठी दरमहा ८,००० रुपये सरकारकडून मिळणार होते. एकीकडे ७,००० रुपये आणि यंत्रशाळा, दुसरीकडे ८,००० रुपये आणि बहुधा गावाजवळचे कार्यालय. गटातील काही मालकांनी सुचवले की संस्थेने या योजनेची माहिती मुलांना मेळाव्यानंतर द्यावी. प्राचार्यांनी नकार दिला. दोन्ही मार्गांचा कालावधी, रक्कम आणि अखेरीस मिळणारे प्रमाणपत्र फलकावर शेजारीशेजारी लावले. काही चांगली मुले त्यामुळे गेली. दोन चांगल्या हेतूंच्या योजना एकाच मुलासाठी एकमेकींशी स्पर्धा करत असतील, तर तो दोष मुलापासून माहिती दडवून दूर होत नाही.

वेगळे काय करता आले असते

जादा रकमेचा निर्णय उलटा घ्यायला हवा होता. मुले पहिल्या तीन महिन्यांत सोडतात हे फोनवरून कळलेले असताना पैसे चौथ्या महिन्यापासून देणे म्हणजे ज्या काळात आधार हवा त्याच काळात तो रोखणे होते. गटातही जी थोडी गळती झाली ती याच काळात झाली. पहिले तीन महिने खोलीचे भाडे मालकांनी परस्पर दिले असते, तर एकूण खर्च फारसा वाढला नसता.

नॅप्सच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२३ पासून, सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. त्यामुळे मालकाकडून ५,५०० आणि सरकारकडून उरलेले १,५०० वेगळ्या वेळी येत, आणि पहिल्या महिन्यात मुलांचा समज झाला की पगार कापला. आधार-जोडणी अपुरी असलेल्या काहींचे पैसे तर अडकूनच राहिले. ही खातेतपासणी निकालाआधी संस्थेतच करून घेता आली असती.

अहवालाचा नमुना संस्थेच्या हातात नव्हता, पण स्वतःची नोंद ठेवणे हातात होते. करारानंतर तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याला प्रत्येकाची स्थिती नोंदवण्याचे काम गट सुरू झाल्यावर लागले, आणि तेही गटातील मुलांपुरतेच. गटाबाहेरच्यांचीही तशीच नोंद असती तर वरचा तुलनेचा परिच्छेद इतका सावधपणे लिहावा लागला नसता. ते काम पुन्हा निदेशकांवरच टाकले गेले, हेही बरोबर नव्हते. त्यांचे वर्गाचे तास कमी झाले नाहीत आणि त्याचा ताण अखेर मशिनिस्टच्या पहिल्या वर्षावर पडला.

मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढ करण्याची शिफारस केली. रक्कम वाढल्यास पैशांच्या अंगाने हा प्रश्न सैल होईल, पण नग चढवण्या-उतरवण्याचे काम त्याने बदलणार नाही. ते फोरमनच्या फेऱ्यांनी बदलले होते. त्या फेऱ्यांचा खर्च मात्र कोणत्याच योजनेत बसत नाही. दोन वर्षांची वर्गणी संपल्यावर एका मालकाने सुचवले की जादा दिली जाणारी रक्कम बंद करून त्यातून मानधन द्यावे. प्राचार्यांनी त्याला असलेला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला. वसाहतीतील उद्योजक संघटनेला थर्ड पार्टी ॲग्रीगेटर, म्हणजे उमेदवार आणि आस्थापना यांना जोडणारी मध्यस्थ संस्था, म्हणून नोंदवून खर्च तिच्याकडे द्यावा, हा दुसरा प्रस्ताव आला. पण मग फेऱ्यांऐवजी करारांची संख्या मोजली जाईल, अशी हरकत फोरमननी स्वतःच घेतली. सीएनसी यंत्राचा प्रस्तावही त्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर होता. दोन्ही विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब ठेवण्यात आले, आणि तोवर फोरमन विनामानधन फेऱ्या करत आहेत.